चार रकान्यांचे संगीत

कलबुर्गीहून आळंदकडे निघाले की वाटेत कडगंची लागते. दत्तसंप्रदायाच्या मंडळींना हे नाव परिचयाचे आहे. गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर हे कडगंचीच्या सायंदेवांच्या वंशातले, असे परंपरा सांगते. आणि त्यांच्या घरची भाषा कानडी होती, असेही तीच परंपरा सांगते. घरात कानडी बोलणाऱ्या माणसाने मराठीत ओव्या रचल्या आणि त्या महाराष्ट्रात शतकानुशतके सप्ताहात वाचल्या गेल्या, ही गोष्ट आम्हां सीमेवरच्या माणसांना विशेष आश्चर्याची वाटत नाही. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापल्या गेलेल्या क्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स तर जन्माने इंग्रज होते. तेव्हा भाषा असो की सूर असो, तो कोणाच्या घरी जन्मला आणि कोणाच्या अंगणात रुजला, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत.

हे आठवण्याचे कारण एक चित्रपट आहे. ‘तुंबाड’ हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी ऑगस्टच्या अखेरीस व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातील समीक्षक-सप्ताहाचा आरंभ त्यानेच झाला होता. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. कथेची प्रेरणा नारायण धारपांच्या एका गोष्टीची, आणि गावाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेले. पडद्यावरची बोली हिंदी असली, तरी ते सरदारी वाडे, ती सोनेरी मोहरांची हाव आणि तो कधी न थांबणारा पाऊस हे सारे अस्सल मराठी मुलखातले आहे. त्यातले एकमेव गीत अजय-अतुल यांचे आहे. परंतु चित्रपटभर भिंतींच्या आडून जे ऐकू येत राहते, ते पार्श्वसंगीत जेस्पर किड नावाच्या एका डॅनिश माणसाचे आहे.

आणि हा जेस्पर किड चित्रपटांच्या पेढीवर वाढलेला नव्हे. तो व्हिडिओ गेमचा, म्हणजे पोरे हातात कळा घेऊन तासन्‌तास खेळतात त्या खेळांचा संगीतकार. त्याही आधी तो घरच्या संगणकावर हौसेने सूर जुळवणारा एक शाळकरी मुलगा होता. डेन्मार्कच्या एका गावातली हौस कोकणच्या वाड्यापर्यंत कशी येऊन पोचली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाकडे पाहताना आपल्याकडच्या जाणकारांच्या मनात दोन आक्षेप हमखास येतात. यंत्राने वाजवलेले संगीत हे संगीत कसले, हा पहिला; आणि खेळासाठी केलेले संगीत गंभीरपणे का घ्यावे, हा दुसरा. पहिल्या आक्षेपाला आपल्याच आकाशवाणीचा इतिहास पुरेसे उत्तर देतो. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीवर हार्मोनियम वाजवण्यास बंदी झाली. पेटी परदेशी, तिचे स्वर ठोकून बसवलेले, तिच्यात मींड नाही, असे ते दोषारोप होते. त्यातले काही खरेही होते. पण गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने त्याच पेटीला मराठी संगीत-रंगभूमीवर केवढी प्रतिष्ठा मिळवून दिली होती! बंदी सुमारे तीन दशके टिकली आणि पेटीही टिकली. आज कीर्तनात, भजनात आणि आमच्या प्रार्थनामंदिरांतही ती आहे. तिचे जन्मगाव कोणी विचारीत नाही.

संगणकाच्या संगीताची सुरुवात मोठ्या संस्थांत झाली. १९५१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडात खोलीएवढ्या यंत्रांकडून गाण्यांच्या चाली वाजवून घेण्यात आल्या. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी ध्वनी घडवणारी पहिली पद्धतशीर आज्ञावली लिहिली. ते विद्वानांचे काम. हौशी माणसाचा प्रवेश मात्र मोठा गमतीचा आहे, आणि रेडिओच्या श्रोत्यांना तो विशेष आवडावा. १९७५ साली अल्टेअर नावाचा, जुळणीच्या सुट्या भागांत मिळणारा संगणक अमेरिकेत विकला जाऊ लागला. त्याला पडदा नव्हता, टंकफलक नव्हता, कर्णा तर नव्हताच. पुढे केवळ खटके आणि लुकलुकणारे दिवे. स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या एका हौशी गृहस्थाने त्याच्याजवळ रेडिओ ठेवला, तेव्हा यंत्रातील विजेच्या हालचालीने रेडिओत खरखर उमटू लागली. आपल्या घरी पंख्याचे बटण दाबले की रेडिओ कडकडतो, तसलाच हा प्रकार. आज्ञावली बदलली की खरखरीचा सूरही बदलतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींच्या सभेत त्याने एकेक खटका टिचकावून आज्ञा भरल्या, आणि शेजारच्या रेडिओतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल ऐकू आली. ज्या खरखरीला आपण त्रासतो, तिचेच त्याने गाणे केले. हौस म्हणतात ती ही.

पुढल्या सात वर्षांत संगणक घराघरात गेला, म्हणजे अर्थात युरोप-अमेरिकेतल्या घरांत. १९८२ साली कमोडोर ६४ हे यंत्र आले. त्याची सारी स्मृती ६४ किलोबाइट. आजच्या एका साध्या छायाचित्रालाही ती अपुरी पडेल. परंतु त्यात बॉब यानेस या अभियंत्याने आखलेली आवाजाची एक स्वतंत्र चिप होती. तिच्यात एका वेळी तीन आवाज निघत. तीन म्हणजे तीनच: एक गीताची चाल, एक खर्ज आणि एक ताल यांत ते संपून जात. मग स्वरसंघात, म्हणजे तीन-चार स्वर एकदम वाजल्याचा भरदारपणा, आणायचा कोठून? मुलांनी तोडगा काढला. संघाताचे तीन स्वर एकाच आवाजात, सेकंदाला पन्नासपर्यंत बदल करीत, एकामागून एक इतक्या वेगाने फिरवायचे की कानाला ते एकत्रच भासावेत. त्यातून जो थरथरता, पाण्यावरच्या उन्हासारखा नाद निघाला, तो त्या पिढीच्या संगीताची खूण होऊन बसला. अडचणीतून निघालेली युक्ती पुढे शैली ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

जेस्पर किडचा जन्म १९७२ सालचा, कोपनहेगनच्या उत्तरेस असलेल्या हॉर्सहोल्म येथला. लहानपणी पियानो, मग काही वर्षे अभिजात गिटार, थोडे समूहगायन, थोडे स्वरलेखन, एवढे शिक्षण त्याला मिळाले. बाकीचे सारे स्वकष्टाचे. तेराव्या-चौदाव्या वर्षी हाती कमोडोर आला आणि पाठोपाठ अमिगा. अमिगा हे यंत्र १९८५ साली निघाले आणि १९८७ पासून त्याची स्वस्त आवृत्ती युरोपातल्या मुलांच्या मेजांवर दिसू लागली. याची ध्वनिचिप निराळ्या जातीची होती. ती स्वतः नाद घडवीत नसे. ध्वनिमुद्रित केलेले नमुने, म्हणजे पियानोचा एक ठोका, ढोलाची एक थाप, माणसाचा एक हुंकार, हे ती हव्या त्या पट्टीत वाजवून दाखवी. आवाज मात्र चारच: दोन डाव्या कर्ण्यात, दोन उजव्या.

याच १९८७ साली जर्मनीतील कार्स्टन ओबार्स्की याने ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ ही आज्ञावली तयार केली. धंद्याच्या दृष्टीने ती फारशी चालली नाही, परंतु तिच्या घडणीतून एक परंपराच निर्माण झाली. ‘नॉइझट्रॅकर’, ‘प्रोट्रॅकर’ अशा तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या दुसऱ्यांनी काढल्या. या ट्रॅकरचा पडदा पाहिला की आम्हां मास्तरांना आपले हजेरीपत्रकच आठवावे! वरून खाली चौसष्ट ओळी आणि आडवे चार रकाने. प्रत्येक रकाना हा एक आवाज. ओळीत स्वराचे नाव लिहायचे, पुढे नमुन्याचा क्रमांक, आणि त्यापुढे स्वर हलवायचा, घसरवायचा की विरवायचा याची सांकेतिक आकडेवारी. यंत्र वरून खाली एकेक ओळ वाचीत जाते आणि हजेरी संपली की पुढचे पान उलटते. चार ओळींची एक मात्रा धरली तर एका पानात बरोबर सोळा मात्रा बसतात. आपला तीनताल त्यात हातमोज्यासारखा बसेल, झपताल बसवायला मात्र पान तोडावे लागेल. श्रुतींचा तर प्रश्नच नको. पेटीसारखीच बारा घरे. त्या संगीताला एक चौकोनी, पावले मोजणारी चाल आली, ती या पानामुळे. हे न्यून आहे आणि ते न्यून म्हणूनच सांगितले पाहिजे.

परंतु खरी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ट्रॅकरमध्ये केलेले गाणे ज्या फाइलीत साठवले जाई, तिच्यात स्वरलेखन आणि ध्वनीचे नमुने दोन्ही एकत्र असत. तबकडी ऐकून गाणे कसे केले हे कळत नाही. मैफलीत गायकाचे मन दिसत नाही. येथे मात्र फाइल उघडली की कर्त्याचा सारा हात दिसे. कोठे कोणता स्वर ठेवला, चारच आवाजांत पाचव्याचा भास कसा निर्माण केला, ढोल वाजून गेल्यावर त्याच रकान्यात खर्ज कसा सरकवला, सारे ओळीओळीने वाचता येई. मुले एकमेकांची गाणी उघडीत, नकल करीत, नमुने उचलीत, बदलीत आणि पुढे पाठवीत. आपल्याकडे पोथ्या अशाच फिरल्या. मठातून घरात, घरातून दुसऱ्या गावी, हाताने उतरवून घेत त्या गेल्या, आणि उतरवता उतरवता उतरवणारा शिकत गेला. घराण्यातली विद्या जपून ठेवणाऱ्या आपल्या उस्तादांना ही उघडी शाळा मानवली नसती. पण गुरू नसलेल्या मुलांना ती शाळा मिळाली, आणि किडसारखी मुले तिथे शिकली.

या शाळेचा उगम मात्र निर्मळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. विकाऊ खेळांची कुलुपे फोडून त्यांच्या चोरट्या प्रती वाटणाऱ्या टोळ्या त्या काळी युरोपात होत्या. फोडलेल्या खेळाच्या आरंभी त्या आपल्या नावाची चमकती पाटी आणि थोडे संगीत जोडीत. हळूहळू पाटीच खेळाहून देखणी झाली. पुष्कळांनी चोरी सोडली आणि नुसती पाटीच मोठी करीत नेली. तिला ‘डेमो’ म्हणू लागले. एक जण आज्ञावली लिही, एक चित्रे काढी, एक संगीत रची. फ्लॉपी टपालाने देशोदेशी जात, आणि सुटीत एखाद्या सभागृहात शेकडो मुले आपापली यंत्रे घेऊन रात्रंदिवस जमत. किड ‘द सायलेंट्स’ या मंडळीत होता. १९९१ साली ‘क्रायोनिक्स’ आणि ‘सायलेंट्स’ या दोन मंडळींनी मिळून ‘हार्डवायर्ड’ नावाचा डेमो काढला. त्याचे संगीत किडचे. अमिगाच्या जाणकारांत तो अजूनही नावाजला जातो. या साऱ्यात पैसा नव्हता. मिळे तो मान, आणि तोही आपल्यासारख्याच पोरांकडून. पण ती पोरे परीक्षक म्हणून फार कडक होती, कारण फाइल उघडून पाहण्याची सोय प्रत्येकाला होती.

हौसेतून पेशात पाऊल पडले ते लगेच. त्याच मंडळींतील काही जणांनी ‘झायरिंक्स’ नावाची खेळ बनवणारी कंपनी काढली आणि ती अमेरिकेत बॉस्टनला नेली. सेगा या जपानी कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावर १९९४ साली त्यांचा ‘सब-टेरानिया’ हा खेळ निघाला. या यंत्राची ध्वनिचिप पुन्हा तिसऱ्याच प्रकारची होती. एका लहरीने दुसऱ्या लहरीला हेलकावे द्यायचे आणि त्यातून घंटेपासून तारेपर्यंत नाना नाद काढायचे, ही रीत स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांना १९६७ साली सापडली होती. यामाहा कंपनीने तिचा परवाना घेऊन ती वाद्यांत आणि मग अशा चिपांत घातली. सहा आवाज, त्यांचा नाद धातूसारखा, आणि नीट न हाताळल्यास कर्कश. किडने त्यावर ‘रेड झोन’ आणि १९९५ साली ‘बॅटमन अँड रॉबिन’ या खेळांचे संगीत केले. बॅटमनच्या नावाला शोभणारे वाद्यवृंदाचे संगीत त्या यंत्रातून निघणारच नव्हते. तेव्हा त्याने तो प्रयत्नच सोडला आणि त्या काळच्या युरोपातील नृत्यगृहांत घुमणारे, ठेक्यावर चालणारे निव्वळ विजेचे संगीत दिले. यंत्र जे देते ते घ्यावे, जे देत नाही त्याचा अट्टाहास करू नये, हा धडा चार रकान्यांत शिकलेला होता.

१९९७ च्या सुमारास कंपनी बुडाली. तिचे प्रकाशक आधी बुडाले, मागोमाग ती. सोबती कोपनहेगनला परतले, आणि १९९८ साली तेथे ‘आयओ इंटरॲक्टिव्ह’ ही नवी कंपनी उभी राहिली. किड न्यूयॉर्कला राहिला, स्वतःचा छोटा स्टुडिओ काढून स्वतंत्रपणे काम करू लागला. जुन्या मित्रांनी २००० साली ‘हिटमॅन’ हा खेळ काढला तेव्हा संगीतासाठी त्यालाच बोलावले. दोनच वर्षांनी ‘हिटमॅन २’ साठी बुडापेस्टचा सिम्फनी वाद्यवृंद आणि हंगेरियन रेडिओचे गायकवृंद त्याच्या हाताखाली होते. चार आवाज मोजून वापरणाऱ्याला शंभरावर वादक मिळाले. मौज अशी की मालिकेच्या पुढल्याच खेळात, २००४ च्या ‘हिटमॅन: कॉन्ट्रॅक्ट्स’मध्ये, तो वाद्यवृंद बाजूला ठेवून पुन्हा विजेच्या काळ्या, थंड नादाकडे वळला, आणि ब्रिटिश अकादमीचा, म्हणजे बाफ्टाचा, संगीताचा पुरस्कार त्याला २००५ साली मिळाला तो याच कामासाठी. पुढे २००७ पासून ‘असॅसिन्स क्रीड’ या मालिकेचे काम आले. तिच्यातील २००९ च्या दुसऱ्या भागात पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्स आणि व्हेनिस यांचे वातावरण आहे. त्यातली ‘एझिओज फॅमिली’ ही त्याची रचना पुढे त्या साऱ्या मालिकेचेच निशाण होऊन बसली.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येऊ. खेळाचे संगीत हे चित्रपटाच्या संगीताहून अवघड असते, असे माझे मत आहे. चित्रपटात प्रसंग चाळीस सेकंदांचा असेल तर तो प्रत्येक वेळी चाळीस सेकंदांचाच असतो. संगीतकार घड्याळ लावून सम गाठू शकतो. खेळात तसे नाही. एक मुलगा दारापाशी दोन मिनिटे रेंगाळेल, दुसरा सरळ आत घुसेल, तिसरा वीस वेळा मरून वीस वेळा परत येईल. संगीताला प्रत्येकाची वाट पाहावी लागते, कंटाळा येऊ न देता, आणि पहारेकऱ्याला संशय येताच त्याच क्षणी रंग बदलावा लागतो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी खेळात नुसते चार खर्ज स्वर पुनःपुन्हा वाजत आणि शत्रू जवळ येईल तसा त्यांचा वेग वाढे; एवढ्यावर मुलांच्या छातीत धडधडे. १९९१ पर्यंत अमेरिकेत खेळणाऱ्याच्या हालचालीप्रमाणे संगीताचे तुकडे बेमालूम जोडणारी यंत्रणाही निघाली.

आपल्याकडे याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कथक नर्तकाच्या किंवा एकल तबलावादकाच्या मागे पेटीवर अगर सारंगीवर लेहरा धरलेला असतो. तीच एक आवर्तनाची चाल फिरत राहते. तिने लक्ष वेधून घ्यायचे नाही आणि क्षणभरही सुटायचे नाही. पुढचा माणूस काय करील ते आधी ठाऊक नसताना त्याला सम मात्र सापडलीच पाहिजे. लेहरा धरणाऱ्याचे नाव जाहिरातीत शेवटी येते. परंतु त्याचा हात ढळला तर मैफल कोसळते, हे प्रत्येक तबलजी जाणतो. खेळाचा संगीतकार हा असा लेहरा धरणारा आहे.

या दृष्टीने ‘तुंबाड’ पुन्हा पाहिला म्हणजे किडची निवड केवळ मोठ्या नावासाठी झाली असावी असे वाटत नाही. १९१८ साली आरंभ होऊन स्वातंत्र्याच्या वर्षी संपणारी ही गोष्ट वस्तुतः एकाच कृतीची पुनरावृत्ती आहे. विनायकराव पुनःपुन्हा तुंबाडला येतो, पुनःपुन्हा त्या विहिरीसारख्या खोल गर्भात उतरतो, पिठाचे रिंगण आखतो, कणकेची बाहुली टाकून हस्तराला भुलवतो आणि त्याच्या लंगोटीतल्या मोहरा उचलून वर चढतो. दर खेपेस वाट तीच, भय मात्र वाढलेले. आणि शेवटी मुलगा बापाहून मोठी युक्ती काढायला जातो. व्हिडिओ गेमची रचना यापेक्षा निराळी ती काय असते? उतरा, चुकवा, लुटा, परत या, आणि पुन्हा अधिक खोल उतरा. ज्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे अशाच उतरण्यांना सूर दिले, त्याला या गर्भगृहाची वाट कोणी दाखवावी लागली नसेल. कोकणचा पाऊस त्याच्या ओळखीचा नव्हता. परंतु तीच पायरी दहाव्यांदा उतरताना माणसाला काय वाटते, हे त्याला पक्के ठाऊक होते. आणि ठिकाणाचे रंग देण्यासाठी त्याने सतार-बासरीची स्वस्त पखरण केली नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. परदेशी संगीतकार हिंदुस्थान दाखवायचा म्हटला की हटकून तेच करतात. येथे मंद, खालच्या पट्टीतले सूर भिंतीतल्या ओलीसारखे चढत जातात. लोभाला कोणत्याही एका देशाचा राग लागत नाही, हे त्याने ओळखले.

राही बर्वे यांचीही बाजू थोडी सांगितली पाहिजे, कारण हौशी माणसाला हौशी माणूस भेटला असेच येथे म्हणावेसे वाटते. पटकथेचा पहिला खर्डा त्यांनी १९९७ साली, अठराव्या वर्षी लिहिला. पुढे प्रत्येक दृश्याचे चित्र काढून सातशे पानांचा आराखडा केला. पैसे देणारे आले आणि गेले. २०१२ साली झालेले चित्रीकरण मनासारखे न उतरल्याने बराच भाग पुन्हा चित्रित झाला. खर्ड्यापासून पडद्यापर्यंत एकवीस वर्षे लागली. प्रथम प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटाला जेमतेम प्रेक्षक लाभला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न झाले.

मग असा किड आपल्याकडे का निपजला नाही, असे कोणीही विचारील. यंत्रे नव्हती, हे एक उत्तर आहे आणि ते बव्हंशी खरे आहे. १९८५ साली आपल्या मध्यमवर्गीय घरात संगणक म्हणजे राजाचा हत्ती होता. पण ते पुरते उत्तर नव्हे. मुंबईचे चरणजित सिंग हे चित्रपटसृष्टीतले कसलेले वादक. त्यांनी १९८२ साली जपानी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्याची तबकडी काढली. यंत्रे तीच, नादही जवळजवळ तोच, जो पाच वर्षांनी शिकागोच्या तरुणांनी काढला आणि ज्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाचे नवे नृत्यसंगीत जन्मले. चरणजित सिंगांची तबकडी मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. २०१० साली परदेशातून ती पुन्हा निघाली तेव्हा लोकांनी कान टवकारले. त्यांच्यापाशी वाद्ये होती, रागविद्या होती, हात तयार होता. नव्हते ते दुसऱ्या पन्नास मुलांचे टोळके, जे ती तबकडी उचलून, उघडून, तोडून-मोडून, ‘हे कसे केले?’ म्हणून रात्र जागवील.

२०२० साली पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या मंडळींनी ‘राजी’ नावाचा खेळ काढला. देवदानवांच्या पुराणकथांतून फिरणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट. वातावरण राजस्थानी किल्ल्यांचे, रचना पुण्याची. त्याचेही संगीत केले आहे एका ग्रीक माणसाने, लिनोस त्झेलोस याने. त्याबद्दल मला खेद नाही. सरस्वती गंगाधरांच्या गावाकडच्या माणसाने तो करूही नये. मात्र आता त्याच कडगंचीच्या शिवारात, २००९ च्या कायद्याने स्थापन झालेले कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ उभे आहे, आणि तिथल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या खिशातला दूरध्वनी किडच्या अमिगाहून हजारो पटींनी समर्थ आहे. त्यात ट्रॅकरही फुकट चालतो.

या मुलांना मी एक गोष्ट अवश्य पाहायला सांगतो. ट्रॅकरच्या फाइलीत ध्वनीच्या नमुन्यांची नावे लिहिण्यासाठी लहान लहान जागा असत. ‘ढोल’, ‘खर्ज’ असे तिथे लिहायचे, अशी मूळ योजना. पण मुलांना ती जागा वाया घालवणे जिवावर आले. त्यांनी तिथे आपले नाव लिहिले, टपालाचा पत्ता लिहिला, रचना कोणत्या महिन्यात कोणत्या रात्री पुरी झाली ते लिहिले, मित्रांना नमस्कार लिहिले आणि कोणाचा नमुना उचलला असेल तर त्याचे आभार मानले. आपल्या पोथ्यांच्या शेवटच्या पानावर लेखनिक आपले नाव, गाव आणि शक घालून ठेवी, तसेच. त्या काळच्या हजारो फाइली आज जतन केलेल्या आहेत, आणि उघडल्या की चार रकाने खाली सरकू लागतात व बाजूला ती नावे दिसतात.